पडदा एक, खोल्या चार

शिक्षक-खोलीतले टेबल डोळ्यांसमोर आणा. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद. एका बाजूला तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, मध्ये उद्याच्या पाठाचे टाचण, शेजारी उघडे पाठ्यपुस्तक, कोपऱ्यात हजेरीपट. हीच कामे आता संगणकावर करायची आहेत. लॅपटॉपचा पडदा बहुधा १५.६ इंची असतो, म्हणजे त्याचा कर्ण १५.६ इंच. लांबी आणि उंची यांचे प्रमाण १६:९. पायथागोरसचा नियम लावला की लांबी ३४.५ सेंमी आणि उंची १९.४ सेंमी येते, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस सेंमी. टेबलाचे क्षेत्रफळ भरते सुमारे ११,६०० चौरस सेंमी. भागाकार केला तर कळते की त्या टेबलावर असे सतरा पडदे मावतील. (नववीच्या वर्गाला हे उदाहरण जरूर द्यावे. मुले घरातला मोबाइलही मोजून आणतात.)

जे काम आपण सतरा पडद्यांएवढ्या जागेत पसरून करतो, ते संगणकावर एकाच पडद्यात कोंबतो. मग खिडक्या एकमेकींवर चढतात. गुणपत्रक हवे असते तेव्हा वर प्रश्नपत्रिका असते, प्रश्नपत्रिका हवी तेव्हा ब्राउझर. हवी ती खिडकी हुडकण्यात आणि नको ती बाजूला सारण्यात वेळ जातो. वेळेपेक्षा जास्त जाते ती कामाची लय.

यावर एक उपाय म्हणजे मोठा पडदा विकत घेणे. दुसरा उपाय फुकट आहे आणि लिनक्सवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक संगणकात तो आधीपासून असतो. पडदा एकच ठेवायचा, पण त्याच्या अनेक 'मांडण्या' करायच्या आणि एक कळ दाबून एका मांडणीतून दुसरीत जायचे. या मांडण्यांना आभासी कार्यक्षेत्रे म्हणतात. ती कशी उभारायची हे सांगणे सोपे आहे, ते पुढे येईलच. पण ती मुळात काय आहेत आणि काय नाहीत हे कळले नाही तर त्यांचा उपयोग होत नाही, उलट घोटाळे होतात. म्हणून आधी थोडे मुळाकडे जाऊ.

'आभासी' हा शब्द विज्ञानशिक्षकांना आरशामुळे परिचित आहे. आरशामागची प्रतिमा दिसते, पण तिथे कागद धरला तर त्यावर ती उमटत नाही. संगणकशास्त्रात या शब्दाची छटा किंचित निराळी आहे. तिथे आभासी म्हणजे वागण्यात खऱ्यासारखे, पण घडणीत तसे नसलेले. हा अर्थ आला स्मृतीच्या संदर्भात. सुरुवातीच्या संगणकांची मुख्य स्मृती फार लहान आणि फार महाग होती, प्रोग्रॅम मात्र मोठे. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ॲटलास या संगणकात यावर तोड काढली गेली. प्रोग्रॅमची 'पाने' पाडायची, लागतील ती मुख्य स्मृतीत ठेवायची, बाकीची चुंबकीय ड्रमवर, आणि गरज पडेल तशी अदलाबदल करायची. प्रोग्रॅमला वाटते की सगळी स्मृती आपलीच.

ही युक्ती चालते कशी? १९६८ साली पीटर डेनिंग यांनी त्याचे उत्तर मांडले. कोणताही प्रोग्रॅम एका वेळी आपल्या सगळ्या पानांना हात घालत नाही. काही काळ तो ठरावीक थोड्या पानांभोवती घोटाळत राहतो, मग दुसऱ्या काही पानांकडे जातो. त्या त्या वेळच्या पानांच्या समूहाला आपण 'कार्यसंच' म्हणू. पूर्ण कार्यसंच स्मृतीत मावला की काम झरझर होते. तो थोडा जरी मावेनासा झाला, तर आत्ता बाहेर टाकलेले पान पुढच्याच क्षणी परत मागवावे लागते. यंत्राचा सगळा वेळ ने-आण करण्यात जातो, प्रत्यक्ष काम जवळजवळ ठप्प.

पडद्यावरच्या खिडक्या उपसताना आपण नेमके हेच करत असतो. हे साम्य ओळखले ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड या दोघांनी. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ते काम करत होते. १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी म्हटले की माणसाच्या कामालाही कार्यसंच असतो. निबंध लिहिताना चार खिडक्या लागतात, पत्रांना उत्तरे देताना निराळ्या तीन. मग एकेक खिडकी हलवण्याऐवजी सगळा संचच एकदम का बदलू नये? त्यांनी तशी प्रणाली तयार केली आणि तिला 'रूम्स' हे नाव दिले. एकेक काम म्हणजे एकेक खोली. खोल्यांना दारे होती. काही खिडक्या, उदाहरणार्थ घड्याळ, प्रत्येक खोलीत लागतात. त्या ठेवायला 'खिसा' होता, म्हणजे कुठेही गेलात तरी बरोबर. आणि एका खोलीतून दुसरीत जाताना एखादी खिडकी न्यायची असेल तर ती 'सामान' म्हणून उचलता येई. आजच्या लिनक्समध्ये दार, खिसा आणि सामान ही तिन्ही आहेत, फक्त नावे रुक्ष झाली आहेत.

लिनक्समध्ये ही कल्पना इतकी रुजली याचे कारण त्याच्या घडणीत आहे. लिनक्सवर खिडक्या दाखवण्याचे काम अनेक वर्षे एक्स विंडो ही प्रणाली करत आली. तिची सुरुवात १९८४ साली एमआयटी या अमेरिकन संस्थेत झाली. तिच्या कर्त्यांनी एक तत्त्व कसोशीने पाळले. पडद्यावर खिडकी कशी उमटवायची हे प्रणाली पाहील, पण खिडक्या कुठे ठेवायच्या, कधी दाखवायच्या, कधी लपवायच्या हे ती ठरवणार नाही. ते ठरवायला खिडकी-व्यवस्थापक नावाचा वेगळा प्रोग्रॅम असेल आणि तो कोणीही लिहावा. झाले! हौशी लोकांनी डझनांनी व्यवस्थापक लिहिले. १९९० साली टॉम लास्ट्रेंज यांच्या एका व्यवस्थापकात मेज पडद्यापेक्षा मोठे होते. पडदा म्हणजे त्या मोठ्या मेजावरून सरकणारे भिंग, आणि आपण कुठे आहोत हे दाखवायला कोपऱ्यात छोटा नकाशा. १९९३ साली रॉबर्ट नेशन यांनी लिहिलेल्या एफव्हीडब्ल्यूएममध्ये मोठे मेज आणि वेगवेगळ्या खोल्या दोन्ही होते. पुढे ग्नोम, केडीई, एक्सएफसीई या आज प्रचलित असलेल्या मेज-प्रणाली आल्या, त्यांत खोल्यांची पद्धत टिकली. ॲपलच्या संगणकांत ही सोय २००७ साली आली आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये २०१५ साली. लिनक्सवाल्यांना याचा थोडा अभिमान असतो, तो आपण समजून घेऊ.

पडद्यामागे काय चालते?

'तो मी नव्हेच' या नाटकाचा फिरता रंगमंच अनेकांनी पाहिला किंवा ऐकला असेल. एक दृश्य संपते, मंच फिरतो, दुसरे दृश्य समोर येते. कार्यक्षेत्र बदलणे पाहणाऱ्याला तसेच दिसते. पण एक मोठा फरक आहे. नाटकात मंच फिरला की मागे गेलेले पात्र थांबते, पाणी पिते, पोशाख बदलते. संगणकात मागे गेलेले पात्र आपले काम करतच राहते.

याचे कारण असे की खिडकी म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. प्रोग्रॅम स्मृतीत राहतो आणि प्रक्रियकावर चालतो, खिडकी हे केवळ त्याचे पडद्यावरचे तोंड आहे. एक्सच्या पद्धतीत प्रत्येक खिडकीला काही माहिती चिकटवलेली असते, त्यात एक आकडा असतो: ही खिडकी कितव्या कार्यक्षेत्रातली. तुम्ही कळ दाबलीत की व्यवस्थापक 'चालू कार्यक्षेत्र' हा आकडा बदलतो, मग ज्या खिडक्यांचा आकडा जुळतो त्या दाखवतो आणि बाकीच्या पडद्यावरून उतरवतो. वेलँड या नव्या पद्धतीत तपशील बदलले, पण सार तेच: काय रंगवायचे आणि काय नाही एवढाच निर्णय. म्हणूनच ही अदलाबदल क्षणार्धात होते. काहीही कुठे हलवलेले नसते.

या आकड्यात दोन गमती आहेत. एक, मोजणी शून्यापासून होते. पडद्यावर 'पहिले' दिसणारे कार्यक्षेत्र आत शून्य क्रमांकाचे असते. दुसरी, 'ही खिडकी सगळीकडे दाखवा' हे सांगायला वेगळी खूण न ठेवता ४२९४९६७२९५ हा आकडा वापरतात. हा आकडा आला कुठून ते द्विमान पद्धत शिकलेल्या विद्यार्थ्यांना विचारावे. बत्तीस जागांवर बत्तीस एकके मांडली की तो येतो.

वर्गात पडताळा सहज घेता येतो. दुसऱ्या कार्यक्षेत्रात एखादे गाणे लावा आणि पहिल्यात या. गाण्याची खिडकी गेली, गाणे चालूच. स्टेलेरियम हा तारांगणाचा प्रोग्रॅम असेल तर आणखी चांगले: त्यात काळाचा वेग वाढवून ठेवा, दुसरीकडे जाऊन दोन मिनिटांनी परत या. तुमच्या अपरोक्ष चंद्र पुढे सरकलेला असेल. आमच्या प्रयोगशाळेत रात्रभर चालणाऱ्या गणना शेवटच्या कार्यक्षेत्रात ठेवण्याची पद्धत आहे. त्या तिथे निमूट चालतात, आणि दिवसा कोणी चुकून त्यांची खिडकी बंद करत नाही.

यातूनच दोन इशारेही निघतात. कार्यक्षेत्रे वाढवली म्हणून स्मृती वाढत नाही. शाळेतल्या ४ जीबी स्मृतीच्या संगणकावर चार खोल्यांत चार जड प्रोग्रॅम उघडे ठेवले तर तो रांगू लागेल. डोळ्यांआड झालेल्या प्रोग्रॅमचे ओझे यंत्राच्या खांद्यावरून उतरत नाही. दुसरे, संकेतस्थळांची घड्याळे थांबत नाहीत. यू-डायस प्लससारख्या संकेतस्थळावर अर्धवट भरलेला तक्ता ठेवून तुम्ही दुसऱ्या खोलीत अर्धा तास रमलात आणि परतल्यावर पुन्हा संकेतशब्द विचारला गेला, तर दोष कार्यक्षेत्राचा नव्हे.

उभारणी

उबुंटू, फेडोरा, डेबियन अशा अनेक ठिकाणी ग्नोम असते, म्हणून आधी ते पाहू. तिथे कार्यक्षेत्रे उभारावी लागतच नाहीत. सुपर कळ दाबा, म्हणजे कळफलकावर बहुधा विंडोजचे चिन्ह असलेली कळ. सगळ्या खिडक्या लहान होऊन समोर येतात. एखादी खिडकी माउसने धरून उजवीकडच्या रिकाम्या जागेवर सोडा. नवी खोली तयार झाली, आणि तिच्या पलीकडे आणखी एक रिकामी खोली आपोआप हजर झाली. खोली रिकामी झाली की ती मिटते. शेवटची एक नेहमी मोकळी असते. धर्मशाळेसारखी ही पद्धत काहींना आवडते, काहींना नाही. आमचे मत सांगायचे तर वर्गासाठी ठरावीक संख्या बरी. 'तिसऱ्या कार्यक्षेत्रात जा' असे चाळीस मुलांना सांगायचे तर प्रत्येकाकडे तिसरे असले पाहिजे. सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंग या भागात जाऊन संख्या कायम करता येते. चार पुरेत.

ये-जा करायला कंट्रोल आणि आल्ट दाबून ठेवून डावा किंवा उजवा बाण. सुपरबरोबर पेज अप किंवा पेज डाउन दाबले तरी तेच होते. याच कळांबरोबर शिफ्टही दाबली तर समोरची खिडकी 'सामान' होऊन तुमच्याबरोबर येते. 'खिसा' हवा असेल तर खिडकीच्या माथ्यावरच्या पट्टीवर उजवी कळ दाबून 'नेहमी दृश्य कार्यक्षेत्रावर' अशा अर्थाचा पर्याय निवडायचा. शब्दकोशाची किंवा गणकयंत्राची खिडकी अशी ठेवावी. मार्च २०२१ मध्ये ग्नोमची ४० वी आवृत्ती आली, तेव्हापासून खोल्या आडव्या रांगेत असतात. त्याआधी त्या एकीखाली एक अशा असत. त्यामुळे जुन्या संगणकावर डाव्या-उजव्या बाणांऐवजी वर-खाली बाण वापरून पाहा.

ग्नोममध्ये नवख्याला हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. पहिल्या खोलीत ब्राउझर उघडा आहे, तुम्ही तिसऱ्या खोलीत आहात आणि ब्राउझरच्या चिन्हावर टिचकी मारता. नवी खिडकी उघडत नाही, तुम्हीच उचलले जाऊन पहिल्या खोलीत पोचता. संगणकाला वाटते की तुम्हाला तोच ब्राउझर हवा आहे. तिसऱ्या खोलीतच नवी खिडकी हवी असेल तर कंट्रोल दाबून टिचकी मारावी.

केडीईमध्ये प्रणालीच्या सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉप हा भाग असतो. तिथे संख्या, ओळी आणि प्रत्येक खोलीचे नाव देता येते. नावे मराठीत द्यावीत: 'पाठ', 'गुण', 'पत्रे'. पट्टीवर पेजर हा छोटा नकाशा बसवला की कुठे काय आहे ते दिसत राहते. कंट्रोलबरोबर एफ१ ते एफ४ या कळा थेट त्या त्या खोलीत नेतात.

एक्सएफसीई हलकी असल्याने जुन्या संगणकांवर आणि म्हणून शाळांना सोयीची. तिथे चार कार्यक्षेत्रे मुळातच असतात, नावे आणि संख्या सेटिंग्जमधल्या वर्कस्पेसेस या भागात बदलता येतात. मात्र तिच्यात एक सोय अशी आहे की तिचीच अडचण होते. मोकळ्या मेजावर माउसचे चाक फिरवले की कार्यक्षेत्र बदलते. मुलाचे बोट चाकावर सहज फिरते, आणि तासभर खपून केलेला प्रकल्प समोरून नाहीसा होतो. मूल घाबरते. घाबरलेले मूल, आणि कधी कधी शिक्षकही, संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात. न जतन केलेले काम खरोखर नष्ट होते ते या क्षणी. चाक फिरल्याने काहीच बिघडले नव्हते.

म्हणून लिनक्सच्या संगणककक्षात पहिल्याच दिवशी एक नियम सांगावा: खिडक्या नाहीशा झाल्या तर विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. आधी कंट्रोल, आल्ट आणि बाण वापरून शेजारच्या खोल्या पाहायच्या. एक्सएफसीईमध्ये खिडकी-व्यवस्थापकाच्या बारकाव्यांच्या सेटिंग्जमधून चाकाची ही सोय बंदही करता येते आणि लहान वर्गांसाठी ती बंद केलेलीच बरी. याच जातीची दुसरी घाबरगुंडी म्हणजे अख्खा पडदा काळा होऊन नुसते नाव विचारणारी ओळ दिसणे. कोणीतरी कंट्रोल, आल्ट आणि एफ३ किंवा एफ४ दाबलेले असते. हे कार्यक्षेत्र नव्हे, लिनक्सचे निव्वळ अक्षरांचे आभासी टर्मिनल आहे. तिथून परतायला कंट्रोल आणि आल्टबरोबर एफ१, एफ२ किंवा एफ७ वापरून पाहावी, संगणकागणिक यांपैकी एक लागू पडते.

संगणक झोपवला, म्हणजे लॅपटॉप नुसता मिटला, तर मांडणी टिकते. पूर्ण बंद केला तर ग्नोममध्ये ती मोडते आणि दुसऱ्या दिवशी खोल्या नव्याने लावाव्या लागतात.

वाटणी कशी करावी?

बहुतेक जण सुरुवातीला प्रोग्रॅमप्रमाणे वाटणी करतात. ब्राउझर पहिल्या खोलीत, लिबरऑफिस दुसऱ्या, चित्रे तिसऱ्या. दिसायला हे नीटनेटके असते, पण त्याने मूळ दुखणे बरे होत नाही. प्रश्नपत्रिका काढायची तर ब्राउझरही लागतो, रायटरही लागतो आणि जिओजेब्राही. मग एकाच कामासाठी तीन खोल्यांत धावाधाव. डेनिंग यांचा कार्यसंच आठवा. एकत्र लागणाऱ्या गोष्टी एकत्र राहिल्या पाहिजेत. तेव्हा वाटणी कामाप्रमाणे असावी: नववीच्या प्रकाशाच्या पाठाची एक खोली, त्यात पाठाचे टाचण, आकृती आणि संदर्भाची पाने, गुणपत्रकांची दुसरी, पत्रव्यवहाराची तिसरी. ब्राउझरच्या तीन खिडक्या तीन खोल्यांत असल्या तर बिघडत नाही.

यामागे माणसाच्या मनाचाही एक गुण आहे आणि तो वर्गात मोजता येतो. १९२७ साली आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या वर्गासाठी तो असा मांडता येईल. दोन अंकी वीस संख्यांचा एक रकाना, असे चार कागद, संख्या वेगवेगळ्या पण सारख्याच अवघड. पहिल्या कागदावर प्रत्येक संख्येत ६ मिळवायचे. दुसऱ्यावर प्रत्येकीतून ३ वजा करायचे. तिसऱ्यावर आलटून पालटून: पहिलीत ६ मिळवा, दुसरीतून ३ वजा करा, पुन्हा ६ मिळवा. चौथ्यावरही आलटून पालटून, पण प्रत्येक संख्येपुढे अधिक किंवा वजा चिन्ह आधीच छापलेले. प्रत्येक कागदाची वेळ घड्याळावर मोजा. निम्म्या मुलांना कागद उलट क्रमाने द्या, नाहीतर सरावाचा आणि थकव्याचा परिणाम मिसळतो.

पहिल्या दोन कागदांच्या वेळांची सरासरी काढा आणि तिसऱ्याशी ताडून पाहा. बेरजा-वजाबाक्या तेवढ्याच, पण तिसऱ्याला वेळ जास्त लागतो. 'आता काय करायचे आहे' हे मनाला दर वेळी नव्याने जुळवावे लागते, त्याची ही किंमत. जर्सिल्डला आणखी एक गोष्ट आढळली. यादीत एकाआड एक संख्या आणि शब्द ठेवले, म्हणजे संख्या दिसली की वजाबाकी आणि शब्द दिसला की विरुद्धार्थी शब्द, तर आलटून पालटून करण्याचा तोटा दिसेना. समोरची वस्तूच सांगते की काय करायचे. पुढे १९७६ साली स्पेक्टर आणि बीडरमन यांनी दाखवले की संख्यांपुढे नुसती चिन्हे छापली तरी किंमत बरीच घटते. तुमच्या चौथ्या कागदावर ते दिसायला हवे.

या प्रयोगांत कार्यक्षेत्रे नव्हती, तेव्हा पुढचे विधान हा आमचा तर्क आहे एवढे सांगून ते करतो. एकाच कामाच्या खिडक्यांनी भरलेला पडदा हा त्या अधिक-वजा चिन्हासारखा आहे. त्यात शिरताच कळते की इथे काय चालले होते. सरमिसळ पडदा तिसऱ्या कागदासारखा. खोल्यांना नावे द्यावीत, शक्य असेल तर त्यांचा क्रम कधी बदलू नये, हे आम्ही याचसाठी म्हणतो. आणि दर पाच मिनिटांनी खोल्या बदलत राहिलात तर खोल्यांचा उपयोग नाही. किंमत कमी होते, पण शून्य होत नाही.

प्रोजेक्टर लावला की

आता सर्वांत नाजूक भाग. शिक्षकाचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला की तो एकट्याचा राहत नाही. एका शाळेत पाठ चालू असताना भिंतीवर सहामाहीचे गुणपत्रक झळकले, नावे आणि गुण यांसकट. सेकंदभरच. पण ज्या मुलाला गणितात सात गुण होते त्याचे सात वर्गाने वाचले. असे गुणपत्रक दुसऱ्या कार्यक्षेत्रात ठेवले असते तर ते टळले असते का? कदाचित. खात्रीने नाही, आणि का नाही हे नीट समजून घेणे गरजेचे आहे.

प्रोजेक्टर दोन प्रकारे चालतो. एकात भिंतीवर लॅपटॉपची हुबेहूब नक्कल दिसते. दुसऱ्यात भिंत हा लॅपटॉपला जोडलेला जादा पडदा असतो. ग्नोममध्ये सुपर आणि पी या कळांनी प्रकार बदलतो. नक्कल चालू असताना तुम्ही खोली बदललीत की भिंतीवरही ती बदलणार, हे उघड आहे. कमी लक्षात येते ते असे की सुपर कळ दाबताच इतर खोल्यांची छोटी चित्रेही भिंतीवर येतात, आणि सहा फुटी भिंतीवर छोटे चित्र छोटे राहत नाही. तेव्हा नक्कल असताना कळांनीच ये-जा करावी, सुपर दाबू नये. खरे तर गुणपत्रक त्या वेळी उघडेच नसावे.

जादा पडद्याचा प्रकार अधिक सोयीचा. ग्नोममध्ये मुळात अशी योजना आहे की कार्यक्षेत्रे फक्त मुख्य पडद्यावर बदलतात. लॅपटॉप मुख्य ठेवला तर भिंतीवर किरणाकृती स्थिर राहते आणि तुम्ही लॅपटॉपवर टाचणाच्या खोलीतून प्रश्नांच्या खोलीत खुशाल जाऊ शकता. मुलांना हालचाल दिसत नाही. एक्सएफसीईमध्ये मात्र दोन्ही पडदे एकदमच बदलतात. आपल्या संगणकावर काय होते ते रिकाम्या वर्गात एकदा करून पाहावे. शिवाय येणाऱ्या निरोपांच्या सूचना खोली पाहत नाहीत, तुम्ही जिथे असाल तिथे त्या टपकतात. पाठापूर्वी 'व्यत्यय नको' हा पर्याय चालू करावा.

आणि खोल्यांना दारे असली तरी कुलपे नाहीत. लॅपटॉपशी बसलेला कोणीही कंट्रोल, आल्ट आणि बाण दाबून तुमच्या प्रत्येक खोलीत फिरून येऊ शकतो, कारण सगळ्या खोल्यांचा मालक एकच वापरकर्ता असतो. लिनक्समध्ये खरी भिंत असते ती वापरकर्त्या-वापरकर्त्यांमध्ये. प्रत्येकाचे नाव, संकेतशब्द आणि फायली वेगळ्या, आणि दुसऱ्याच्या फायली वाचण्याची परवानगी आहे की नाही हे खुद्द प्रणाली तपासते. शाळेचा एकच लॅपटॉप चार शिक्षक आणि संगणक-मंडळाची मुले वापरत असतील तर त्यावर चार कार्यक्षेत्रे नव्हे, निदान पाच खाती उघडायला हवीत: चार शिक्षकांची चार, आणि मुलांचे एक. सेटिंग्जमध्ये यूझर्स या भागात त्याला पाच-दहा मिनिटे लागतात. प्रत्येक शिक्षकाने आपल्या गुणपत्रकाच्या फोल्डरची परवानगी फक्त स्वतःपुरती आहे ना, तेही तिथल्या तिथे उजवी कळ दाबून पाहून घ्यावे.